छपराचा धर्म आणि लाकडाचा भास

वेदान्तात आणि न्यायदर्शनात भ्रमाचे उदाहरण म्हणून शिंपीच्या जागी दिसणारे रुपे पुन्हापुन्हा येते. उन्हात पडलेली शिंपी चकाकते, पाहणाऱ्याला ती चांदी वाटते, तो जवळ जाऊन तिला उचलतो आणि त्याचा भ्रम ओसरतो. या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत असते, ती अशी की शिंपीने चांदीसारखे दिसावे अशी कोणाचीही इच्छा नव्हती. त्यामुळे दोष शोधायचा तर तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात, प्रकाशात किंवा त्याच्या मनात साठलेल्या चांदीच्या स्मृतीत शोधायचा. मात्र जी वस्तू दुसऱ्या वस्तूसारखी दिसावी म्हणूनच घडवलेली असते, तिच्या बाबतीत हा विचार अपुरा पडतो, कारण तेथे भ्रम पाहणाऱ्याच्या चुकीतून उपजत नाही, तो घडवतानाच वस्तूत पेरलेला असतो. अशा वस्तूला असत्य म्हणावे काय, आणि म्हणावे तर तिचे असत्य नेमके कशात आहे, हा प्रश्न घराच्या छपरासारख्या साध्या वस्तूच्या आधारे तपासता येतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात लाकडी छपरांची नक्कल करणारी जी सामग्री गेल्या काही दशकांत पसरली, तिचे दोष बांधकामाच्या भाषेत पुष्कळदा सांगितले जातात. त्या दोषांच्या मुळाशी सत्यासंबंधीचा हाच जुना प्रश्न आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, म्हणजे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन व ऑरेगन राज्यांत, वेस्टर्न रेड सीडर नावाचा उंच वृक्ष वाढतो. त्याच्या ओंडक्याचे ठोकळे करायचे, त्यांवर लांब पाते ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचे आणि तंतूंच्या दिशेने पातळ फळ्या फोडून काढायच्या, ही तेथील जुनी रीत होती. अशा फळीला तिकडे शेक म्हणतात, आणि येथे तिच्यासाठी चिरफळी हा शब्द वापरला आहे. करवतीने कापलेल्या फळीत तंतू मध्येच तुटतात आणि त्यांच्या उघड्या तोंडांतून पाणी आत शिरते. फोडलेल्या चिरफळीत तंतू पुष्कळसे अखंड राहतात, आणि तिच्यावरील उंचसखल रेषा पावसाच्या पाण्याला वाट करून देतात. चिरफळीचा जो खडबडीतपणा डोळ्याला सुंदर वाटतो तो सजावटीसाठी आलेला नसतो. लाकूड कसे फुटते आणि पाणी कसे वाहते याची ती खूण असते. या लाकडात कुजण्याला विरोध करणारी नैसर्गिक द्रव्ये असतात, आणि जुन्या पद्धतीत चिरफळ्या अंतर सोडून बसवलेल्या रिपांवर ठोकत, त्यामुळे खालून वारा खेळून भिजलेले लाकूड दोन्ही बाजूंनी वाळत असे.

या छपराचा मोठा दोष म्हणजे आग. वाळलेली चिरफळी पेटली की ती छपरावरून सुटते, वाऱ्याबरोबर उडते आणि पुढच्या घरावर निखारा होऊन पडते, त्यामुळे आग रस्ते आणि मोकळी मैदाने ओलांडून जाते. कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात 1923 मध्ये सुमारे 600 इमारती जळाल्या, लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागात 1961 मध्ये जवळपास 500 घरे गेली, आणि ऑक्टोबर 1991 मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरील आगीत 25 माणसे मृत्युमुखी पडून 3000 हून अधिक घरे नष्ट झाली. या आगी पसरण्यात लाकडी छपरांचा वाटा मोठा होता. हे पाहिल्यावर कायद्यांनी आणि विमा कंपन्यांनी साध्या लाकडी छपराला विरोध केला यात काहीच गैर नव्हते. माणसांच्या डोळ्यांना मात्र त्या छपराची सवय झाली होती, अनेक वसाहतींच्या नियमांतही घरांचे रूप एकसारखे राखण्याची अट होती, आणि यातूनच जळणार नाही पण लाकडासारखे दिसेल अशा छपराची मागणी निर्माण झाली.

या मागणीला मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत बोधप्रद उत्तर तंतुमय सिमेंटचे होते. पूर्वी सिमेंटच्या पत्र्यांना बळकटी देण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरत. ते फुप्फुसांना घातक ठरल्यावर काही उत्पादकांनी त्यांच्या जागी लाकडाचा लगदा घातला, आणि चिरफळीच्या आकाराची, तिच्यासारख्या रेषा उमटवलेली सिमेंटची फळी अनेक दशकांच्या हमीसह बाजारात आली. लगद्याचे तंतू पाणी शोषतात, फुगतात आणि वाळताना आकसतात, तर त्यांच्याभोवतीचे सिमेंट ताठ राहते. ओल आणि ऊन यांच्या फेऱ्यांत अशा फळ्यांना तडे गेले, त्यांचे पापुद्रे सुटले, कडा मऊ पडल्या, आणि काही छपरे इतकी ठिसूळ झाली की दुरुस्तीसाठी वर चढलेल्या कारागिराच्या पायाखालीच फळ्या मोडू लागल्या. पुढे खटले झाले, काही उत्पादने बंद पडली, आणि घरमालकांच्या हाती उरलेल्या हमीपत्रांना फारसा अर्थ राहिला नाही. लाकूड टाळण्यासाठी केलेल्या या वस्तूत लाकूडच दडलेले होते, आणि ते अशा रूपात दडलेले होते की त्याला खालून वारा मिळत नव्हता आणि स्वतःच्या गतीने वाळण्याची मोकळीकही नव्हती.

इतर पर्यायांचे दोष वेगवेगळे आहेत. काँक्रीटची नकली चिरफळी आगीला दाद देत नाही, पण लाकडी छपराचे वजन प्रत्येक चौरस मीटरला साधारण 11 ते 17 किलो असते तेथे काँक्रीटचे 45 किलोपर्यंत किंवा त्याहूनही अधिक जाते, आणि लाकडाच्या भारासाठी बांधलेल्या वाशांवर ते तसेच चढवले तर आढे वाकते; भूकंपाच्या प्रदेशात डोक्यावरचे हे ओझे अधिकच चिंतेचे ठरते. पोलादी पत्र्याला चिरफळ्यांचा आकार देऊन त्यावर दगडाची बारीक खडी चिकटवतात. हा पत्रा हलका आणि टिकाऊ असतो, परंतु मोठ्या गारांनी त्याला पोचे येतात, चुकीच्या जागी पाय पडला तर तो दबतो, आणि दिसायला अनेक चिरफळ्या असल्या तरी प्रत्यक्षात तो एकच लांब तुकडा असल्याने एखादीच चिरफळी बदलता येत नाही. प्लास्टिक आणि रबर यांच्या मिश्रणाची फळी उन्हाने विटते, तापमानाबरोबर लाकडापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते, आणि आगीपासून वरच्या श्रेणीचे संरक्षण देण्यासाठी अनेकदा तिच्याखाली विशेष थर अंथरावा लागतो, म्हणजे ज्या सुरक्षेचे श्रेय फळीला मिळते ती सुरक्षा खालच्या थरासह मिळून सिद्ध होते. मोजक्याच साच्यांतून हजारो फळ्या निघत असल्याने तीच गाठ आणि तीच चीर छपरावर ठरावीक अंतराने पुन्हा दिसते. डांबरी थरांच्या जाड फळ्यांत तर चिरफळीची जाडी भासवण्यासाठी गडद खड्यांचे पट्टे दिलेले असतात, म्हणजे तेथे सावलीसुद्धा रंगवलेली असते.

हे सर्व दोष एकत्र ठेवले तर त्यांतून एक समान सूत्र निघते. प्रत्येक पदार्थाचा काळाशी स्वतःचा संबंध असतो. तो कसा भिजतो, कसा वाळतो, कसा तापतो, कोठून झिजतो आणि शेवटी कशात मिसळतो, यालाच त्या पदार्थाचा धर्म म्हणता येईल, म्हणजे त्याचा स्वभावसिद्ध गुण, ज्या अर्थाने जाळणे हा अग्नीचा धर्म आहे असे म्हटले जाते. उन्हापावसात लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र धरून ठेवणारे द्रव्य, पृष्ठभागावरून झिजते आणि तांबूस चिरफळी काही वर्षांत रुपेरी करडी होते. तो रंग कोणी लावलेला नसतो, तो तिचा इतिहास असतो. अनुकरण करणारी वस्तू या प्रवासातला एकच क्षण उचलते आणि तो साच्यात गोठवते. तिला लाकडाचे रूप मिळते, पण लाकडाचा काळ मिळत नाही. तिचा स्वतःचा काळ, म्हणजे प्लास्टिकचे विटणे, पत्र्याचे गंजणे, सिमेंटचे तडकणे, त्या उसन्या रूपाखाली चालूच राहतो. उसन्या रूपाच्या चौकटीत तो बसत नसल्याने, जे एरवी वस्तूचे साधे वय म्हणून स्वीकारले गेले असते ते येथे बिघाड म्हणून दिसते.

यावर एक बळकट आक्षेप बौद्ध तर्कपरंपरेतून घेता येतो. सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांनी सत् वस्तूची कसोटी म्हणून अर्थक्रिया सांगितली. अर्थक्रिया म्हणजे वस्तूने आपले अपेक्षित कार्य पार पाडणे, आणि जे ज्ञान या कार्याच्या बाबतीत फसवत नाही ते प्रमाण. या कसोटीने पाहता शिंपीतले रुपे खोटे ठरते, कारण त्याचा दागिना घडत नाही. पण नकली चिरफळी पाणी अडवते, ऊन अडवते आणि आग तर लाकडाहून चांगली अडवते, मग तिला खोटे कोणत्या आधारावर म्हणायचे? या आक्षेपाचे उत्तर असे की छपराची अर्थक्रिया पहिल्या पावसाळ्यात संपत नाही. छपराचे कार्य म्हणजे वर्षानुवर्षे निवारा देणे, आणि त्या कार्यात त्याला दुरुस्त करणारा कारागीर, त्याच्यावर लक्ष ठेवणारा गृहस्थ आणि त्याच्याविषयीचे या दोघांचे ज्ञान यांचाही समावेश होतो. लाकडाचे रूप पाहून ज्याला वाटते की येथे पाऊल टाकता येईल, ही एक फळी काढून दुसरी घालता येईल, हिच्याखाली वारा खेळतो, त्याचे ज्ञान येथे त्याला फसवते. म्हणजे धर्मकीर्तींच्याच भाषेत बोलायचे तर हे रूप अर्थक्रियेच्या बाबतीत विसंवादी आहे, जे सुचवते ते ते पुरवत नाही.

इंग्रज विचारवंत जॉन रस्किन यांनी, ज्यांच्या पुस्तकाचा सारांश गांधीजींनी ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत मांडला आणि म्हणून जे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत, 1849 मधील आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात सत्याला एक स्वतंत्र दीप मानले. इमारतीतील असत्याचे त्यांनी तीन प्रकार सांगितले: जो आधार नाही तो भासवणे, पृष्ठभाग रंगवून तो दुसऱ्याच पदार्थाचा वाटायला लावणे, आणि हाताने घडवायचे अलंकरण साच्यातून किंवा यंत्रातून काढणे. नकली चिरफळीत यांपैकी शेवटचे दोन उघडच आढळतात. परंतु रस्किन यांनी एक सूक्ष्म अपवादही केला होता, तो असा की इमारतीवर दिलेला सोन्याचा मुलामा असत्य ठरत नाही, कारण भिंत भरीव सोन्याची आहे असे कोणीच समजत नाही, तर दागिन्यावरचा तोच मुलामा असत्य ठरतो, कारण दागिना भरीव असल्याची समजूत असते. असत्य पदार्थात नसून पदार्थ आणि पाहणारा यांच्यातील समजुतीत असते, हा त्यातील मूळ विचार आहे.

भारतीय वास्तुपरंपरा या विचाराला पुष्टी देते आणि त्याला आणखी खोलही नेते, कारण या परंपरेत एका पदार्थाने दुसऱ्याचे रूप घेणे ही अत्यंत आदराची गोष्ट आहे. भाजे येथील चैत्यगृहात खांब किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी मांडवात छताचा रेटा सांभाळण्यासाठी तसे झुकवणे आवश्यक असे, अखंड कातळात त्याची गरज नव्हती. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर दगडी छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या आजही दिसतात. मामल्लपुरम येथे सातव्या शतकात पल्लवांनी एकाच शिळेतून कोरलेला द्रौपदीरथ गवताने शाकारलेल्या झोपडीच्या आकाराचा आहे, आणि बंगालमधील विष्णुपूरचे 1655 मधील जोडबांगला मंदिर विटांचे असूनही त्याच्या छपराला बांबूच्या झोपडीची बाकदार वळचण आहे. ही सर्व छपरे अनुकरणाचीच आहेत. नकली चिरफळीला दोष द्यायचा तर यांना का द्यायचा नाही, हे सांगता आले नाही तर येथवरचा युक्तिवाद फोल ठरतो.

रसचर्चेत शंकुक या आचार्यांनी अनुकृतीचा, म्हणजे अनुकरणाचा, जो विचार मांडला तो येथे उपयोगी पडतो. रंगमंचावरील नट राम म्हणून दिसतो तेव्हा प्रेक्षकाला होणारे ज्ञान ‘हा खरोखर राम आहे’ असे नसते, ‘हा राम नव्हे’ असेही नसते, संशयाचे नसते आणि निव्वळ सादृश्याचेही नसते. चित्रातल्या घोड्याला माणूस घोडा म्हणतो पण त्यावर बसायला जात नाही, तसे ते ज्ञान असते, आणि यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. अभिनवगुप्तांचे गुरू भट्टतौत यांनी या मताचे खंडन केले, तरी कलेतील अनुकरण आणि फसवणूक यांतील भेद दाखवण्याचे त्याचे सामर्थ्य कमी होत नाही. विष्णुपूरची वळचण हा चित्रातला घोडा आहे. नकली चिरफळीची अपेक्षा मात्र अशी असते की रस्त्यावरून जाणाऱ्याने तिला खरा घोडा समजावे.

हा भेद ओळखण्याची कसोटी पहिल्याच उदाहरणात होती. शिंपी जवळून पाहिली की रुपे नाहीसे होते. नंतरच्या ज्ञानाने आधीचे ज्ञान असे रद्द होण्याला वेदान्तात बाध म्हणतात, आणि ज्याचा बाध होतो ते मिथ्या. भाज्याच्या खांबाजवळ गेल्यावर तो दगड आहे हे कळते, पण त्याने काहीच रद्द होत नाही. उलट लाकडात राबलेल्या हातांनी कातळालाही लाकडाची रीत शिकवली हे उमगून विस्मय वाढतो, आणि त्या दगडाला दगड म्हणून कितीही शतके जुने होता येते. नकली छपराजवळ गेल्यावर मात्र रंगवलेली सावली रंग म्हणून उघडी पडते, तीच गाठ पुन्हापुन्हा दिसते आणि आधीचा आनंद मावळतो. ज्या अनुकरणाला जवळिकीची भीती नाही ते कला होय, आणि जे दूर राहण्याच्या अटीवरच टिकते ते असत्य होय. छपराच्या बाबतीत तर ही जवळीक टाळताच येत नाही, कारण पाऊस त्याला रोज स्पर्श करतो, कारागीर त्यावर चढतो, आणि काळासारखा जवळून पाहणारा दुसरा कोणी नाही.

तरीही एक नैतिक प्रश्न उरतो, आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो; सत्य बोलण्याच्या व्रताला चिकटून त्याने लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना सांगितला, ती माणसे मारली गेली आणि कौशिकाला नरकप्राप्ती झाली. प्राण्यांचे हित ज्यात नाही ते सत्य नव्हे, असा त्या कथेचा रोख आहे. मग आगीत 25 माणसे गेल्यावर माणसांचे प्राण वाचवणारे छप्पर थोडे खोटे असले तर बिघडले कोठे, असे कोणी विचारू शकेल. पण येथे हित आणि असत्य यांची गल्लत होते. आगीपासून रक्षण करते ते पोलाद, सिमेंट किंवा त्यांच्याखालचा थर. लाकडाचे सोंग त्या रक्षणात काडीचीही भर घालत नाही. साधा पत्रा, साधे कौल किंवा पाटीचा दगड तेच रक्षण कोणतेही सोंग न घेता देतो, आणि दाबाखाली अग्निरोधक द्रव्य मुरवलेली खरी चिरफळीही मिळते. कौशिकाकडून अपेक्षित होते ते असत्य प्राण वाचवणारे होते. छपरावरचे असत्य केवळ सवयीचे समाधान वाचवते. त्याच न्यायाने हेही मान्य केले पाहिजे की उत्तम चिरफळीसाठी सरळ तंतूंचे, शतकानुशतके वाढलेले वृक्ष लागतात, आणि ते वृक्ष वाचावेत यासाठी लाकूड सोडून देणे हे धर्माचेच कृत्य आहे. फक्त सोडून दिलेल्या गोष्टीचा मुखवटा जवळ ठेवण्याची गरज नाही.

या मुखवट्याची ओढ कोठून येते, हे समजण्यासाठी देखभालीचा विचार करावा लागतो. जपानमधील इसे येथील शिंतो तीर्थस्थानाची मुख्य मंदिरे, गवती छपरासह, दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने उभारली जातात, आणि 2013 मध्ये ही नवउभारणी 62व्या वेळी झाली. तेथे वास्तूचे सातत्य पदार्थात नसून पुन्हापुन्हा करण्यात आहे. कोकणात पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावण्याच्या कामाला शाकारणी म्हणतात, आणि त्या कामातून घराला आपल्या छपराची नस न् नस माहीत होते. या कष्टांचे उदात्तीकरण करू नये. माकडांनी फोडलेली कौले दरवर्षी बदलणे परवडत नाही, चढायला माणूस मिळत नाही, म्हणून पत्रा घालणाऱ्या कुटुंबाचा निर्णय रास्त असतो. पण तेथेही आता कौलांच्या आकाराचे रंगीत पत्रे दिसतात, आणि त्यांतून तीच ओढ व्यक्त होते: काळजीतून उपजलेले रूप हवे, काळजी मात्र नको. अनुकरणाच्या छपराचा सर्वांत खोल दोष येथे आहे, की ते माणसाला संबंधाचे चिन्ह देते आणि संबंधातून मोकळे करते. बौद्ध विचारात ज्याला अनित्यता म्हणतात, ती दाराशी आल्यावर तिला ओळखण्याची तयारी अशा छपराखाली होत नाही.

कॅनडाच्या त्याच किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व लोकांच्या ज्या प्रार्थना जॉर्ज हंट आणि फ्रान्झ बोआस यांनी नोंदवल्या, त्यांत सीडरची साल काढण्यापूर्वी त्या वृक्षाला मित्र म्हणून संबोधले जाते. त्या किनाऱ्यावरील लोक उभ्या झाडातून त्याला न मारता फळ्याही काढत असत. ज्याच्याकडून काही घ्यायचे त्याला आधी ओळखायचे, ही त्या प्रार्थनांमागची दृष्टी छपराच्या कोणत्याही पदार्थाला लागू पडते. त्या वृक्षाचे नावसुद्धा खरे तर उसने आहे, कारण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो थुजा या प्रजातीतला आहे आणि सीडर हे नाव ज्या प्रजातीचे, तिच्यातला वृक्ष म्हणजे हिमालयातला देवदार. तरी त्या उसन्या नावाने कोणाचे घर गळले नाही, कारण नाव मिळाले म्हणून त्या लाकडाने देवदाराचे रूप घेतले नाही. ते आपल्या तंतूंनी फुटत राहिले, आपल्या रंगाने करडे होत राहिले. पत्र्याने पत्र्यासारखे आणि सिमेंटने सिमेंटसारखे जुने व्हावे, आणि त्यांच्याखाली राहणाऱ्याने त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखून त्यांची निगा राखावी, एवढी अट पाळली गेली तर आगीपासून रक्षण आणि सत्याचे रक्षण यांत निवड करण्याची वेळ येत नाही.